झुनवीच्या चार वह्या

"ट्रंक ट्रकमध्येच राहिली," लेक म्हणाली. "घर बदलताना. चारही वह्या तिच्यात होत्या. संपलं."

विद्यापीठातून आलेल्या मुलीने ते टिपून घेतलं. तिच्या मांडीवर जुन्या वर्तमानपत्रातल्या बातमीची झेरॉक्स होती. स्टुलावर उभी केलेली, दोन वेण्यांची नऊ वर्षांची पोर, आणि वर मथळा: 'स्वतःची भाषा रचणारी बालिका'. भाषेचं नाव झुनवी. अकराशे शब्द, वेगळी लिपी, व्याकरण, शिवाय त्या भाषेत लिहिलेल्या पन्नासेक गोष्टी. ती बालिका, म्हणजे ही लेक, आता पन्नाशीला टेकली होती. औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची, आणि आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसली होती.

"ट्रंक कोणी भरली होती?"

"मीच. बाबा म्हणायचे ना, एवढी हुशार कार्टी, पण स्वतःच्या चार वह्या सांभाळता आल्या नाहीत. जाईपर्यंत म्हणत होते." ती हसली. "खरंच आहे म्हणा. पुन्हा काही लिहावंसं वाटलं नाही."

"वह्या ट्रंकेत नव्हत्या."

दोघींनी वळून पाहिलं. खाटेवर आई डोळे मिटून पडली होती. तिला झोप लागलीय असंच दोघी समजून होत्या.

"तू भरल्यास, मी काढल्या," आई म्हणाली. "बंबात घातल्या."

लेकीने विचारलं, "चारही?"

"चारही. पुठ्ठे पेट घेईनात, ते फाडून घातले."

"आणि बाबा मला बोलायचे, तेव्हा तू तिथेच असायचीस."

"असायचे."

"एका शब्दाने बोलली नाहीस, आई."

"धीर झाला नाही. मग वर्षं गेली, आणि बोलायला तोंडच उरलं नाही."

लेक उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली. विद्यापीठातल्या मुलीने पेन हळूच वहीवर ठेवलं.

"पण का?"

आई उठून बसली. "दर रविवारी पाहुणे यायचे, तुला स्टुलावर उभं करायचे, ते मी सोसलं. मग तुला ताप आला. तीन दिवस. आपली भाषा तुझ्या तोंडात येईना. एकच शब्द सारखा म्हणत होतीस, काहीतरी मागत होतीस. मी पाणी दिलं, पांघरूण घातलं, बाहुली आणून दिली. तू ढकलून द्यायचीस आणि रडायचीस. डोळा लागला तुझा, की मी वह्या घेऊन बसायचे. एक अक्षर लागेल तर शपथ! पोटची पोर काय मागतेय, ते मला कळेना." तिने दम खाल्ला. "यांना विचारलं. म्हणाले, वा, तापातसुद्धा झुनवीच! आणि डायरीत लिहून ठेवलं."



"शब्द आठवतो, आजी?" मुलीने विचारलं.

"न आठवायला काय झालं? ओलिमू."

लेकीने तो तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. ओलिमू. मग जरा मोठ्याने. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की व्हायचा, तसा तिचा चेहरा झाला.

"असा नाही," आई म्हणाली. "शेवट लांबवायचीस. ओलिमूऽऽ."

"म्हणजे काय?" मुलीने पुन्हा पेन उचललं.

लेकीने मान हलवली. काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिने खुर्ची उचलून खाटेला टेकवली आणि आईच्या तोंडाजवळ कान नेला.

"पुन्हा म्हण."

आईने म्हटलं.

"अजून एकदा."