रोजचा एक तांब्या

ठाण्याच्या खाडीचं पाणी उन्हात आटवलं, की कोणता क्षार कितव्या दिवशी खाली बसणार, हे माझं सॉफ्टवेअर आधीच सांगतं. आधी चुनखडी, मग जिप्सम, दहाव्या दिवशी मीठ. ते पडताळायला ठाकुर्लीच्या आमच्या गच्चीवर मी एप्रिलमध्ये खाडीच्या पाण्याचा एक मोठा ट्रे ठेवलेला. सोळावा दिवस उजाडला, तरी मिठाचा कण नाही. "शुक्रवारपर्यंत जुळलं नाही, तर प्रबंधाचा विषय बदल," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. मी सॉफ्टवेअरमध्ये हवेतला दमटपणा वाढवला, वारा बंद केला. काही उपयोग नाही. शेवटी वैतागून सॉफ्टवेअरमध्येच रोज अर्धा लिटर गोडं पाणी वाढवून पाहिलं, आणि ट्रेच्या मोजमापांचे सगळे ठिपके मुकाट आलेखातल्या रेषेवर येऊन बसले. म्हणजे कुणीतरी ट्रेमध्ये रोज पाणी ओतत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीमागे लपले. सहा वाजता तळमजल्यावरचे अण्णा तांब्या घेऊन आले आणि सावकाश ट्रेमध्ये ओतू लागले. "अण्णा, काय करताय?" मी विचारलं. "अगं, चिमण्यांसाठी ठेवलंयस ना? पण एकही तोंड लावत नाही. म्हटलं, पाणी शिळं होत असेल, रोज ताजं घालावं." मी त्यांना बोट बुडवून चाखायला लावलं. त्यांचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. सरांना मी अण्णांच्या तांब्यासकट आलेख पाठवला. त्यांनी विषय राहू दिला. संध्याकाळी गच्चीवर गेले, तर ट्रेशेजारी पाण्यानं भरलेली मातीची परात होती. ट्रेवर अण्णांच्या वळणदार अक्षरातला कागद चिकटवलेला होता: "खारट आहे. कृपया शेजारचं प्यावं."