पटावरच्या मुली

ऑस्लोतल्या शाळेत नातीचं नाव घालताना मंदाकिनीबाईंनी विचारलं, “पटावर मुली किती?” लेकीने प्रश्न मुख्याध्यापिकेला नॉर्वेजियनमध्ये सांगितला.

“निम्म्या असतील,” मुख्याध्यापिका म्हणाली. “मी कधी मोजल्या नाहीत.”

मंदाकिनीबाई गोंधळल्या. जालन्याजवळच्या खेड्यात शिकवताना तीस वर्षं दर जूनमध्ये त्यांनी मुली मोजल्या होत्या. “मग घरी राहिलेल्यांना आणायला कोण जातं?”

आता मुख्याध्यापिका गोंधळली. “घरी? आजारी आहेत का त्या?”

“नाही, धाकटी भावंडं सांभाळतात.”

मुख्याध्यापिकेने पेन खाली ठेवलं. “मग तुम्ही काय करायचात?”

“दारात बसायचे, आई हो म्हणेपर्यंत.”

“केवढं मोठं काम केलंत तुम्ही!”

लेकीने ते कौतुकाने मराठीत सांगितलं. काही दारांतून मात्र मंदाकिनीबाई एकट्याच परत आल्या होत्या.