आणि सहकलाकार

छबूबाईंनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि नगरच्या त्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंतीवर ब्राँझचा फलक झळकत होता. 'युद्धकाळात जवानांसाठी धावून गेलेल्या चित्रपटसृष्टीस मानवंदना.' त्याखाली एकाहत्तरच्या युद्धात सीमेवर गेलेल्या पथकातली नावं. नायक, नायिका, गायक, वादक. त्या पथकातल्या आता एकट्या छबूबाईच उरल्या होत्या, म्हणून तर दोरी त्यांच्या हाती दिली होती.

त्यांनी चष्मा पुसून नावं वाचली. मग पुन्हा वाचली. शेवटची ओळ होती, 'आणि सहकलाकार'.

"माझं नाव कुठं हाय?"

समितीचे गोरक्षनाथ घोटाळले. "मावशी, ते... तुमच्या अमृतनंच फोन केला होता. नाव नको म्हणाला."

छबूबाईंनी पहिल्या रांगेतल्या मुलाकडं पाहिलं. अमृत लगबगीनं वर आला, कानाशी वाकला. "आई, राजनंदिनीचं लग्न जमत आलंय. तिची आजी सिनेमात नाचायची, हे त्या लोकांना कशाला कळायला पाहिजे? घरी चल, मग बोलू."

"घरी लई वर्सं गप बसले."

छबूबाईंनी दोरी धरली आणि उलटी ओढली. फलक झाकला गेला. टाळ्या थांबल्या.

त्या माईकपाशी गेल्या. "दवाखान्याच्या तंबूत नाचले मी. पाय गेलेला एक जवान खाटेच्या लोखंडावर ताल धरत हुता. नाच संपल्यावर म्हनला, बाई, तुमचं नाव काय? मी नाव सांगितलं. सहकलाकार म्हनून न्हाई सांगितलं." त्यांनी खुर्ची ओढली आणि पडद्यापुढं बसल्या. "नाव घाला. तवर हे कुनी बघायचं न्हाई."

पाहुणे चुळबुळ करू लागले. कुणीतरी म्हणालं, नवा फलक ओतून घेऊ, पुढच्या महिन्यात लावू.

"मी आज हाय," छबूबाई म्हणाल्या.

शेवटी गोरक्षनाथ स्वतः बाजारात गेले आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्या उझैरला गाडीवर मागं बसवून घेऊन आले. त्यानं पडदा जरासा सारून फलकावर बोट फिरवलं. "जागा आहे. काय घालू, आजी?"

"छबूबाई मच्छिंद्र..." अमृत घाईनं म्हणाला. निदान आपल्या वडलांचं नाव तरी लागावं.

"छबू कोल्हारकर," त्या म्हणाल्या. "तंबूत ह्येच नाव सांगितलं हुतं."

अमृतनं मान खाली घातली.

उझैरनं छन्नी टेकवली, पण त्या कोपऱ्यात उजेड नव्हता. तो मान वाकडी करून पाहू लागला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून राजनंदिनी उठली. साडीचा पदर खोचत पायऱ्या चढून आली. "नंदू, खाली जा," अमृत दबक्या आवाजात म्हणाला. तिनं ऐकलं, पण थांबली नाही. मोबाईलची बॅटरी लावली आणि फलकाशी धरून उभी राहिली.

"दादा," ती उझैरला म्हणाली, "खोल घाला."