दबक्या आवाजात

"गोड बोला त्याच्याशी, ताई," सिस्टर म्हणाली. "पोटात असताना ऐकलेला आवाज बाळ ओळखतं."

बाळाची आई पुन्हा काचेच्या पेटीवर वाकली. झरोक्यातून हात आत घालून एक तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं पाय अलगद धरले. शिकवलं होतं अगदी तसं. "सोन्या माझा, राजा माझा," ती म्हणत राहिली. राजा ऐकायला तयार नव्हता. तो पाय झाडत होता, मान इकडून तिकडे फिरवत होता. नाकाशी बसवलेल्या नळ्यांतून येणाऱ्या हवेवर त्याचा श्वास कसाबसा चालला होता, आणि त्या नळ्याच पुन्हा निसटल्या. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरला. यंत्र कोकलायला लागलं.

सिस्टरनं नळ्या परत बसवल्या. पलीकडे डॉक्टरीणबाई सामान मांडत होत्या. हे असंच चाललं तर घशातून नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवावं लागेल, असं त्यांनी मघाशी सांगितलं होतं. एवढ्याशा जिवाला ते झेपायला हवं, असंही म्हणाल्या होत्या. पुढचं बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात नवरा आला. हात धुऊन, गाऊन चढवून, मास्क लावून पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला. "कसं आहे आता?" त्यानं विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसं आहे? बघ की. डोळे आहेत ना तुला?"

इथं आवाज चढवायची बंदी होती. मग ती दातओठ खात, दबक्या आवाजात सुरू झाली. "पाय सुजलेत म्हणून सांगत होते, तेव्हा काय म्हणालास? बहिणीचं लग्न पार पडू दे. डोकं फुटतंय म्हटलं, तर म्हणे सगळ्याच बायकांचं दुखतं. चार-चार हॉल बघत हिंडायला वेळ होता, मला डॉक्टरकडे न्यायला नव्हता. तुझी आई म्हणाली ही नाटकं करते, आणि तू मान डोलावलीस. नंदीबैल."

सिस्टर तरातरा आली. आता बाहेर काढणार, असं तिला वाटलं. पण सिस्टर पडद्याकडे बघत होती.

"थांबू नका," सिस्टर हळूच म्हणाली.

बाळाचे पाय निवांत पडले होते. मूठ सैल झाली होती. आकडा वर चढत होता.

तिला आधी काही कळेना. मग कळलं, आणि आणखीच राग आला. सोन्या-राजाचा तो लाडिक आवाज तिनं एवढ्या महिन्यांत काढला होता कधी? सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपल्या की ती पोटावर हात ठेवून रोज नवऱ्याशी अशीच भांडायची. बाळाच्या कानावर पडत आला होता तो हा आवाज.

मग तिनं काही म्हणून बाकी ठेवलं नाही. घरातल्या गळक्या नळाचा विषय काढला. तिला एकटीला जिना चढून आणाव्या लागलेल्या पिशव्या काढल्या. ती बोलायला लागली की भिंतीकडे तोंड करून घोरायची त्याची सवय काढली. नवरा खाली मान घालून ऐकत होता. आज तोंड फिरवायला भिंत नव्हती.

पण रागसुद्धा कधीतरी संपतो. तिचा संपला. ती गप्प झाली तशी बाळानं पुन्हा वळवळ सुरू केली. नळ्या सरकल्या. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत उठल्या.

"बोल ना," नवरा म्हणाला.

"काय बोलू? संपलं सगळं." तिचा आवाज रडवेला झाला होता, आणि त्या आवाजाशी बाळाची ओळख नव्हती.

नवऱ्यानं बाळाकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या हातांकडे बघितलं.

"तू चक्कर येऊन पडलीस ना," तो म्हणाला, "त्या दिवशी माझा फोन बंद पडला नव्हता. ते मी खोटं सांगितलं. तुझं नाव दिसत होतं. मी फोन पालथा घालून ठेवला."

मग ती जी सुरू झाली, ती डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून ठेवले, बाळाला गाढ झोप लागली, तरी थांबली नाही.