शुभेच्छुक

नेवाशाजवळच्या एका शाळेनं जर्मनीतल्या शाळेशी महिनाभरासाठी पोरांची अदलाबदल ठरवली. आधी तिकडचा लुकास छगनरावांच्या घरी राहायला आला, तेव्हा गावानं चौकात त्याच्या स्वागताचा दणदणीत फ्लेक्स लावला. त्यावर सरपंच, उपसरपंच, डेअरीचे चेअरमन आणि चेअरमनचा गॉगलवाला भाचा ऐटीत झळकत होते. लुकास होता खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"हे सगळे कोण?" त्यानं छगनरावांच्या ओंकारला हळूच विचारलं.

छगनरावांनी छाती फुगवली. "शुभेच्छुक! त्याला सांग, आमच्याकडं पाव्हन्याला असाच मान देत्यात."

लुकासनं मान डोलावली आणि फ्लेक्सचा फोटो काढून घेतला.

उन्हाळ्यात ओंकारची तिकडं जायची पाळी आली आणि छगनरावांना घोर लागला. परका मुलूख, कोरडी माणसं, आपल्या पोराला तिथं विचारणार कोण? तो विमानात बसला तसा त्यांना घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचा मोबाईलवर फोटो आला.

स्टेशनाबाहेर भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर लुकासचे आजोबा, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल. शेजारी हात जोडलेली आजी. मधोमध त्यांचं कुत्रं, तेही गॉगल लावून. आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, ओंकार.

छगनरावांचा जीव भांड्यात पडला.

"अगं, वाढ जेवायला. मानसं आपल्यातलीच हायेत!"