आत गेलेला कागद

नवऱ्याला दाखल केलं तेव्हा विलगीकरण कक्षाच्या दारातच सिस्टरने तिला नियम सांगितला होता, “टॅब चालेल, पुसून परत देता येतो. आत गेलेला कागद मात्र बाहेर येत नाही, जाळावा लागतो.” टॅबवर वाचणाऱ्यांच्या नावाने नवरा बोटं मोडायचा. सख्ख्या भावालाही पुस्तक न देणारा माणूस! पण आपलं पुस्तक जळायला नको म्हणून त्याने मुकाट्याने टॅब घेतला. आज काचेपलीकडून तो फोनवर म्हणाला, “टॅब घरी ने. मला उशाजवळचं माझं पुस्तक आणून दे.” “अहो, पण ते परत...” “माहितीये. म्हणूनच आणण्याआधी तू वाचून घे.” तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हणाली, “मी फार सावकाश वाचते, ठाऊक आहे ना?” तो टॅब पुन्हा मांडीवर घेत म्हणाला, “बरं. तोवर थांबतो मी.”