हिरव्या टोपीची गोळी

“सकाळी उपाशीपोटी एक. अन् तेवढे दिवस चहा बंद ठेव, चहासंगं लई चढती,” स्वप्निलनं डबी काउंटरवर ठेवली. हिंगोलीत त्याची जिम होती अन् जिमच्या तोंडाशीच हे डब्यांचं दुकान. “समदं झाडपाल्याचं हाय. हिरवी कॉफी, चहाच्या पानांचा अर्क, कडू संत्र्याची साल. चरबी जाळती, दम वाढवती. फक्त छातीचं दुखणं असंल तर घेऊ नको.”

“मला कुठं छातीचं दुखणं हाय?” कोमल म्हणाली अन् डबी पिशवीत टाकली.

गेल्या पोलीस भरतीत आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तिचा दम सुटला होता. भर मैदानात बसून रडली होती बिचारी. यंदा भरतीचं वय संपत होतं. ही भरती हुकली की खाकीचं नाव काढायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

गोरेगावजवळच्या त्यांच्या गावात ती डबी देवासारखी फळीवर बसली. रोज पहाटे कोमल ती हिरव्या टोपीची कॅप्सूलची गोळी घ्यायची अन् सेनगावच्या रस्त्याला पळायला सुटायची.

पहिले काही दिवस अवघड गेले. हात थरथरायचे, झोप उडाली, साध्या बोलण्यावर ती खेकसायची.

“काहून गं, वाटी काहून हलून राहिली हातात?” आई, नर्मदाबाई, विचारायची.

“गोळीची गरमी हाय माय. चरबी जळून राहिली.”

पोरीच्या जातीला उष्ण वस्तू बरी नव्हे, हे नर्मदाबाईचं जुनं मत. पपईसुद्धा ती लेकीला बेतानंच द्यायची. पण भरतीचं वेड लागलेल्या लेकीला सांगणार कोण, अन् ऐकणार कोण!

मग एकाएकी थरथर थांबली. झोप लागायला लागली. “अंगाला सवय झाली,” स्वप्निल फोनवर म्हणाला, “आता बघ मजा.”

अन् खरंच मजा झाली. कोमल हलकी झाली, पाय उचलायला लागले, शेवटच्या वळणावर दम उरायला लागला. अहो, काय त्या गोळीचं कौतुक! गल्लीतल्या पोरी तिच्याकडं डबीचं नाव विचारायला यायच्या. शेजारचा जळबा तर आपल्या बैलालाही ती द्यावी म्हणायचा.

पण खरं नवल घडलं ते आबांचं. कोमलचे आजोबा, संतरामआबा. दोन सालांमागं छातीत कळ आली म्हणून त्यांना नांदेडला नेलं होतं. डॉक्टरनं धावपळीला मनाई केली, तेव्हापासून ओसरीवरची बाज अन् एकच गाऱ्हाणं, “हाडं गार पडली गं सूनबाई.”

नातीनं पळायला घेतलं अन् म्हाताऱ्याला चेव आला. आधी दारापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. मग तर कोंबडं आरवायच्या आत उठून, धोतर खोचून, तोंडात शिट्टी धरून नातीच्या मागं निघायला लागले. जेवायला बसवलं तर “भूक न्हाई” म्हणायचे अन् उठून गोठा झाडायचे. बाज अंगणात उभी करून ठेवली त्यांनी.

“आबा, भरती तुमची हाय का नातीची?” जळबानं हटकलं.

“दोघांची!” आबा छाती ठोकून म्हणाले.

बाया म्हणायच्या, हे सुनेचं पुण्य. ते खरंही होतं. नर्मदाबाई सासऱ्याचा चहा वेगळा करायची. सुंठ घातलेला, गुळाचा, कडक. दिवसभर हळद शिजवून-वाळवून पिवळी झालेली बोटं पदराला पुसायची अन् कप पहिल्यांदा आबांच्या हातात द्यायची. अशी सून शोधून सापडायची नाही, हे गाव उगाच म्हणत नव्हतं.

भरतीच्या मैदानावर कोमल वाऱ्यावाणी पळाली. शेवटच्या वळणावर तिनं पुढच्या दोघींना मागं टाकलं. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा सारं घर रडलं अन् हसलं.

स्वप्निल पेढे घेऊन मोटरसायकलवर आला. डबी हातात धरून कोमलचा फोटो काढायचा होता त्याला. बाहेर जळबानं हलगी काढली अन् आबा तिच्या तालावर नाचायला लागले.

“बोल कोमल, हे यश कोणाचं?” स्वप्निलनं मोबाईल समोर धरला.

“या गोळीचं,” कोमल म्हणाली.

नर्मदाबाईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसतच राहिली. मग डबीतली एक गोळी घेऊन तिनं दोन्ही टोप्या ओढल्या. तळहातावर पिवळाधमक भुगा पडला.

“हळद हाय,” ती म्हणाली. “आपल्या घरची. तुझे हात थरथरले ना, त्याच हप्त्यात समद्या गोळ्या फोडल्या अन् हळद भरून ठेवली. तू लहान असताना गोळी फोडून मधातून द्यायची ना, तीच सवय कामी आली. सांगितलं असतं तर तुझा भरवसा तुटला असता.”

स्वप्निलनं मोबाईल खाली घेतला. कोमलनं आईला घट्ट मिठी मारली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणजे ती पळाली होती ती स्वतःच्याच पायांनी.

“अगं माय, तू तर लईच चतुर! अन् आतली पावडर? उकिरड्यावर टाकली?”

“टाकीन काहून? एवढी महागाची वस्तू,” नर्मदाबाई चुलीकडं वळली. “तुला उष्ण पडत व्हती. पण हाडं गार पडलेल्या माणसाला तर ते औषधच की. रोज चिमूटभर सुंठेसंगं घालते. बघ ना, कसे उठून नाचून राहिले!”

बाहेर हलगी थांबली होती. आबा एका हातानं खांब धरून उभे होते, दुसरा हात छातीवर होता.

“सूनबाई,” ते हसत म्हणाले, “जरा दम लागला गं. अजून अर्धा कप दे.”